आईचा संशय भावालाही खरा वाटू लागतो तेव्हा

वाचकाचं पत्र:

मी खारघरला राहते, माहेर ठाण्यात नौपाड्यात. एप्रिल २०२१ मध्ये बाबा करोनाने गेले. आई आणि धाकटा भाऊ दोघंही तेव्हा पॉझिटिव्ह होते, घरात अडकलेले. बाबांचं शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही. आई आता ७४ वर्षांची आहे, पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. भाऊ ३९ वर्षांचा, लग्न केलेलं नाही. तेव्हापासून दोघं घराबाहेर पडेनासे झाले. काही महिन्यांनी आई म्हणायला लागली की घरात जळका वास येतो. भाऊ तेव्हा तिची समजूत घालायचा. मग इमारतीच्या रीडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली. आमच्या वर राहणारे काका कमिटीवर आहेत. आईने ठरवलं की आम्ही घर सोडावं म्हणून तेच बाथरूमच्या डक्टमधून पावडर सोडतात. वर्षभरात भाऊही तेच बोलू लागला. घरून चालणारी अकाउंट्सची नोकरी त्याने सोडली. खिडक्यांच्या फटींना ब्राउन टेप लावलाय, एक्झॉस्टच्या भोकात ओले टॉवेल कोंबलेत. वास आला की तो वहीत वेळ लिहितो, वह्या भरल्यात. आईने कानाचं मशीन काढून तांदळाच्या डब्यात ठेवलंय, त्यातून वरचे लोक ऐकतात म्हणे. कामवाली बंद, पेपर बंद, गेल्या वर्षी गणपतीही आणला नाही. किराणा मी ॲपवरून पाठवते, पिशवी दाराबाहेर ठेवायला सांगतात. माझ्याशी सेफ्टी डोअरच्या आतून बोलतात. एकदा मी म्हटलं, रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर सह्या करून टाका, तर आई म्हणाली, ‘तुला किती मिळणार आहेत?’

गेल्या महिन्यात भावाने वरच्या काकांना जिन्यात अडवून शिवीगाळ केली. पुन्हा असं झालं तर पोलिसात जाऊ असं सेक्रेटरी म्हणतात. मामाचं म्हणणं, तोच आईचे कान भरतो, त्याला इंटरव्ह्यूच्या नावाने बाहेर काढू आणि परस्पर दाखल करू. नणंद म्हणते, डॉक्टरांकडून औषध आणून डाळीत घाला. दोन माणसांना एकाच वेळी एकच वेड कसं लागेल? का त्यांच्या बोलण्यात काही तथ्य असेल? मला सतरा वर्षांची मुलगी आहे. हे रक्तात असतं का?

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण एक काम आजच करायचं आहे. बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का? पत्रात ते आलेलं नाही. पाइपगॅस आल्यापासून ठाण्यातल्या कितीतरी घरांत तो बसलेला आहे. असेल, आणि एक्झॉस्टचं भोक टॉवेलने बुजवलेलं असेल, तर पुढचं वाचायच्या आधी फोन करा आणि तो लावू नका म्हणून सांगा. गॅस नीट जळायला हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, काही सुचेनासं होतं आणि मग शुद्ध हरपते. आंघोळीला गेलेली धडधाकट माणसं अशी दगावली आहेत.

सांगताना टेपचा विषय काढू नका, त्यावरून वाद होईल आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. ‘बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर जिवावर बेततो, आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात तापवा आणि तेवढा वेळ तिथली खिडकी उघडी ठेवा,’ एवढंच सांगा. यात खोटं काही नाही. शिवाय कोंडलेल्या घरात त्या दोघांचं डोकं खरोखरच दुखत असेल. दुखलं की त्याचं खापर पावडरीवर फुटतं, मग आणखी टेप लागते, घर आणखी कोंडतं.

तथ्य आहे का, हा तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरातलं दुसरं कुणी तो विचारत नाहीये. तपासून बघा. जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये ड्रेनेजचा पाइप फुटलेला असतो, कुणाच्या तरी बंद फ्लॅटमधला ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवणारं पाइपातलं पाण्याचं वळण, कोरडा पडलेला असतो. प्लंबरला बाहेरच्या बाजूने डक्ट बघायला सांगा. काही सापडलं तर दुरुस्त करून घ्या. मात्र प्लंबरने ‘काही नाही’ म्हटलं की त्यांची समजूत पटेल अशी आशा ठेवू नका. भ्रम झालेल्या माणसासमोर उलटा पुरावा ठेवला की तो पुरावाही कटात ओढला जातो. प्लंबर वरच्यांनीच पाठवला होता, असं ठरेल.

आता त्या पहिल्या जळक्या वासाबद्दल. आई तेव्हा करोनातून उठली होती. करोनानंतर वासाची जाणीव बिघडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. कुणाला वास येईनासा झाला. कुणाला वास यायचा पण भलताच: कांदा, लसूण, कॉफी, तळण यांचा वास जळका किंवा कुजका वाटायचा. कुणाला आसपास काहीच नसताना वास यायचा. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारलं, काहींचं रेंगाळलं. त्यामुळे आईला आलेला तो वास सुरुवातीला खरा असू शकतो, म्हणजे तिच्या नाकात खरा. तिने काही बनवून सांगितलं नसेल. मी हे खात्रीने सांगू शकत नाही, इतक्या दुरून कुणीच सांगू नये, पण डॉक्टरांना ही तारीख आणि हा क्रम जरूर सांगा. वासाचे भास मेंदूच्या काही आजारांतही होतात, त्यामुळे ते हा धागा धरतील.

त्या दिवसांत घरात काय चाललं असेल ते बघा. चाळीसेक वर्षांचा संसार केलेला माणूस रुग्णवाहिकेतून गेला तो परत आलाच नाही. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी उरकले. भेटायला यायची मुभा नाही, खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही, दहावं-तेरावंही धड नाही. अशात बाईला जळका वास येतो. एरवी शेजारची कुणी डोकावून म्हणाली असती, ‘अहो, मला तर काही येत नाही, करोनानंतर माझंही असंच झालं होतं.’ तेवढ्यावर विषय संपला असता. तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. नंतर रीडेव्हलपमेंट आली, वरचे काका खरोखरच सह्यांसाठी मागे लागले, आणि वासाला कारण मिळालं.

दोघांना एकच भ्रम होणं ही वैद्यकाला माहीत असलेली गोष्ट आहे. १८७७ साली शार्ल लासेग आणि ज्यूल फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी तिचं सविस्तर वर्णन केलं. त्यांनी नोंदवलेल्या गोष्टी तुमच्या घराशी ताडून बघा. एकाला आधी भ्रम होतो आणि दुसरा, जो त्याच्यावर कुठल्या ना कुठल्या अर्थाने अवलंबून असतो, तो हळूहळू त्यात ओढला जातो. दोघं दीर्घकाळ एकत्र राहत असतात आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटलेला असतो. आणि भ्रमाची गोष्ट शक्यतेच्या कोटीतली असते, दोघांच्या मनातल्या खऱ्या भीतीला हात घालणारी. नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला घर जाईल याची भीती वाटणं अगदी शक्यतेच्या कोटीतलं आहे. आजूबाजूच्या किती इमारती पडल्या आणि उभ्या राहिल्या ते त्या दोघांनी खिडकीतूनच पाहिलंय. मायलेकरं, सख्ख्या बहिणी, नवरा-बायको अशा जोड्यांमध्ये हे जास्त दिसतं.

मामांचं म्हणणं मला म्हणून पटत नाही. भाऊ आईचे कान भरतो असं त्यांना वाटतं, कारण आरडाओरडा तो करतो, टेप तो लावतो, जिन्यात भांडला तो. पण तुम्हीच लिहिलंय की आधी आई बोलली आणि तो तिला समजावत होता. वर्षभर समजावत होता. रोज संध्याकाळी आई सांगते की आपल्याला मारायला टपलेत, आणि ‘तसं काही नाही’ म्हटलं की ती रडते, जेवत नाही, ‘तूही त्यांचाच’ म्हणते. वडील नुकतेच गेलेले, आता आईही दुरावली तर त्याला कोण आहे? एके दिवशी तो ‘हो’ म्हणाला असेल आणि घर शांत झालं असेल. पुढे ते नुसतं तोंडाने म्हणणं राहिलं नाही. त्याच्या वह्या त्याच्या प्रेमातून सुरू झाल्या असाव्यात असं मला वाटतं. त्याला खलनायक करू नका. आणि त्याच वेळी, तो फक्त आईच्या नादाने बिघडलाय असं धरूनही चालू नका. पूर्वी समज असा होता की दुसऱ्याला वेगळं काढलं की तो आपोआप ठीक होतो. काही जण होतात, काही होत नाहीत. बऱ्याचदा त्या दुसऱ्या माणसालाही स्वतःचा आजार असल्याचं आढळतं, नैराश्य असेल, स्वतंत्र मनोविकार असेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून २०१३ मध्ये हा आजार स्वतंत्र नावाने काढून टाकला गेला, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही त्याला वेगळा रकाना नाही. त्यामुळे डॉक्टर कागदावर दोघांचं निदान वेगवेगळं लिहितील तर गोंधळू नका. दोघांची तपासणी स्वतंत्र व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आईची तपासणी तर नुसती मनाची नको. सत्तरीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदाच असा संशय सुरू झाला असेल तर आधी शरीराकडे बघायचं असतं. रक्तातलं सोडियम, थायरॉइड, बी-१२, साखर, लघवीचा संसर्ग, चालू असलेल्या गोळ्यांचे परिणाम आणि स्मरणशक्ती. स्मृतिभ्रंशाची सुरुवातसुद्धा अशा संशयाने होते. आणि कान. कानाने कमी ऐकू येणाऱ्या वयस्कर माणसांमध्ये असा संशय बळावतो हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अर्धवट ऐकू आलं की उरलेलं मन भरून काढतं, आणि भेदरलेलं मन वाईटच भरतं. तुमच्या आईने मशीन काढलं, म्हणजे वरच्या घरातला आणि जिन्यातला प्रत्येक आवाज आता तिला अर्धाच पोचतोय.

त्या मशीनपासून सुरुवात करा असं मी सुचवेन. मशीन नीट बसलं नाही की ते शिट्टी मारतं, हल्लीच्या बऱ्याच मशीनना ब्लूटूथ असतं आणि ती मोबाइलला जोडता येतात. आईच्या संशयाला आधार तिथेच मिळाला असेल. तिला म्हणा, ‘हे मशीन तुला त्रास देतंय ना, मग राहू दे. मोबाइलला जोडता न येणारं, साधं बघू. कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू.’ वेडाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर ती आयुष्यात येणार नाही. कान, डोळे, बीपी, झोप यासाठी येईल. इतकी वर्षं ज्यांच्याकडे तुम्ही सगळे जात होतात असे फॅमिली डॉक्टर असतील, तर आधी तुम्ही एकट्या जाऊन त्यांना सगळं सांगा. एका घरभेटीत ते जेवढं बघतील तेवढं तुम्हाला दाराबाहेरून कधीच दिसणार नाही.

डाळीत औषध घालायचा सल्ला मात्र मनातून काढून टाका. नणंदेचा हेतू चांगला असेल, आणि आपल्याकडे अनेक घरांत हे चालतं हेही मला ठाऊक आहे. पण ज्या माणसांना कुणीतरी आपल्याला विषारी काहीतरी देतंय असं वाटतं, त्यांना तुम्ही खरोखरच चोरून काहीतरी देणार? ते उघडकीला आलं तर तुमचा पाय त्या घरात पुन्हा पडणार नाही, आणि त्यांचा संशय खरा ठरवणाऱ्या तुम्ही असाल. वैद्यकीय बाजूनेही ते धोक्याचं आहे. भ्रमावरच्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांना तोल जाणं, पडणं, गुंगी येणं असे त्रास होतात, स्मृतिभ्रंश असेल तर पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर अगदी कमी डोसने सुरू करतात आणि लक्ष ठेवतात. नीट दिलं तर ते काम करतं. भ्रम एका रात्रीत जात नाही, पण काही आठवड्यांत भीतीची धार कमी होते, झोप लागते, आणि ‘वास येतो पण आता तेवढं वाटत नाही’ असं माणूस म्हणायला लागतो. तेवढ्यावरही घरातलं बरंच काही सुटतं.

आता तुमच्या जाण्यायेण्याबद्दल, कारण माझ्या मते सगळा भार यावर आहे. किराणा ॲपवरून पाठवणं थांबवा. उपाशी ठेवा असं नाही, स्वतः घेऊन जा. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरुग्रामची बातमी आली होती: करोनाच्या भीतीने एका आईने लहान मुलासह तीन वर्षं स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. नवरा जवळच भाड्याने राहत होता आणि सामान दारात आणून ठेवत होता. त्याने ते प्रेमानेच केलं, दुसरं तो करणार तरी काय होता. पण पिशवी दारात येत राहिली की दार उघडायची गरज उरत नाही. तुम्हाला खारघरहून ठाण्याला थेट लोकल आहे. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा, आणि ती चुकवू नका. सेफ्टी डोअरच्या बाहेर स्टूल टाकून बसावं लागलं तरी बसा. पहिले काही आठवडे पिशवी आत देऊन पाच मिनिटं बोलायचं, बस. आत घ्या म्हणून हट्ट नको.

बोलायचं काय? भाऊ विचारेलच, ‘ताई, तुला आमचं पटतं की नाही ते एकदा सांग.’ इथे दोन्ही सोपी उत्तरं वाईट आहेत. ‘काहीतरीच काय, काका असे नाहीत’ म्हटलंत की तुम्ही काकांच्या बाजूच्या झालात. ‘हो रे, करत असतील’ म्हटलंत की तुमचं नाव साक्षीदार म्हणून वहीत जाईल, आणि उद्या डॉक्टर आणायची वेळ आली की तो विचारेल, मग डॉक्टर कशाला? तुम्ही म्हणा, ‘खोटं कशाला बोलू, मला इथे वास येत नाही. पण तुझी झोप उडालीय, आईचं वजन उतरलंय, तुम्ही दोघं सतत घाबरलेले असता, हे मला दिसतंय. त्याचं काय करायचं ते बघू.’ भीती खरी आहे, थकवा खरा आहे. त्यावर तुमचं आणि त्याचं एकमत होऊ शकतं, आणि डॉक्टरांकडे जायला तेवढं एकमत पुरतं.

त्या वह्या फाडू नका, त्यांना हसू नका. दाखवतोस का म्हणून विचारा. वेळा वाचा. रात्री दोन, पावणेतीन, चार अशा नोंदी असतील, तर भाऊ महिनोन्‌महिने झोपलेला नाही असा त्याचा अर्थ, आणि डॉक्टरांना ते सोन्यासारखं उपयोगी आहे. ‘हे घेऊन झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ असं म्हणता येईल. त्याने इतक्या मेहनतीने लिहिलेलं कुणीतरी गंभीरपणे वाचतंय, याने तो मऊ पडेल.

सह्यांचा विषय तुमच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये. रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल. कमिटीला सांगा की आई आजारी आहे, कागदांसाठी दारावर कुणी जाऊ नका, बोलायचं ते माझ्याशी पत्राने बोला. आईच्या मनाची ही अवस्था असताना घाईघाईत घेतलेली सही उद्या कोर्टात वादाला कारण होईल, हे कमिटीच्या लक्षात आणून द्या. आणि वरच्या काकांना जाऊन भेटा. त्यांनी शिव्या खाल्ल्यात, त्यांच्या घरातही भीती असणार. काय चाललंय ते मोजक्या शब्दांत सांगा, जिन्यात भाऊ दिसला तर उत्तर न देता पुढे जा अशी विनंती करा, आणि पोलिसात जायच्या आधी मला फोन करा म्हणून नंबर देऊन ठेवा. हे बोलणं घरात लपवू नका, पण आपणहून सांगायलाही जाऊ नका.

तुमच्या जागी असते तर मामांची इंटरव्ह्यूची योजना मी मुळीच होऊ दिली नसती. फसवून गाडीत घालून नेलेला माणूस बरा होऊन आला तरी विश्वास ठेवायला कुणाकडे बघणार? शिवाय आई मागे एकटी राहील, आणि मुलालाही त्यांनी उचललं असं ठरवून दार कायमचं लावून घेईल. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा यासाठीच आहे. इच्छेविरुद्ध दाखल करणं त्यात शक्य आहे, पण अटी आहेत: माणसाने अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याला त्याच्यापासून धोका असेल, किंवा स्वतःची देखभालच करता येत नसेल आणि त्यातून धोका असेल. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे इथे नातेवाईक म्हणून तुम्ही, अर्ज करता. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. हा रस्ता उघडा आहे, आणि गरज पडली तर तो घेण्यात अपराध वाटून घेऊ नका. फक्त तो रीतसर घ्या.

गरज कधी पडली म्हणायची? दोघांपैकी कुणी खाणंपिणं सोडलं, ‘यापेक्षा दोघांनी संपवलेलं बरं’ अशा अर्थाचं काहीही बोललं, काकांना मारण्याची भाषा झाली किंवा हातात काही घेऊन भाऊ जिन्यात गेला, ठरल्या वेळी तुम्ही गेलात आणि आतून आवाजच आला नाही, तर त्याच दिवशी ११२ ला फोन करायचा. एरवीच्या सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं, आणि रुग्ण सोबत नसताना नातेवाइकाने केलेला फोनही ते घेतात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. लोक अजून त्या नावाने कुजबुजतात, तुम्ही तसं करू नका, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात आधी एकट्या जाऊन बोला. खासगी मनोविकारतज्ज्ञही नातेवाइकांचं आधी ऐकून घेतात. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, तिथेही विचारा. आईच्या वयाच्या दृष्टीने १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन हाताशी असू द्या.

दोघांना वेगळं करायचं की नाही? एका झटक्यात नाही. त्या दोघांना गेली काही वर्षं एकमेकांशिवाय कुणी नाही. एक काढून घेतला तर दुसऱ्याकडे काय उरतं याचा आधी विचार हवा. दिवसातला थोडा वेळ वेगळा करता येतो का ते बघा. आई वाचणारी असेल, शिक्षिका होती म्हणजे असेलच, तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व पुन्हा सुरू करा. १८९३ सालची संस्था आहे, नौपाड्यातल्या घरांना तिची जुनी सवय आहे. पुस्तकं बदलून आणायला भावाला पाठवा. पंधरा मिनिटं तो बाहेर असेल, कुणीतरी त्याच्याशी पुस्तकाबद्दल बोलेल, आणि तेवढा वेळ आई तुमच्यापाशी असेल. पहिल्या वेळी तो जाणार नाही, दुसऱ्या वेळीही कदाचित नाही. बाबांची तिथी येईल तेव्हा आईच्या शाळेतली एखादी जुनी सहकारी बोलवा, एकच. जेवायला नको, चहाला. बाबांबद्दल त्या घरात मोकळेपणी रडणं झालेलंच नाही. ते झालं तर बरंच आहे, आणि नाही झालं तरी त्या घरात तिसरं माणूस बसून गेलेलं असेल.

तुम्हाला स्वतःलाही कुणीतरी हवं आहे. आईने ‘तुला किती मिळणार’ विचारलं ते तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण ते किती लागलं असेल मला कळतं. ते आजारातून आलेलं आहे. नवऱ्याला आठवड्याच्या फेरीत कधीतरी सोबत न्या, परतताना बोलायला कुणी असावं म्हणून तरी. मामांनाही काम द्या: डॉक्टरांची वेळ घेणं, सेक्रेटरींशी बोलणं. योजना आखणाऱ्या माणसाच्या हाताला काम असलेलं चांगलं.

आता लेकीबद्दल. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचं प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात एकाच्या आसपास असतं. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत ते शंभरात दहाच्या आसपास जातं, आजीला किंवा मामाला असेल तर त्याहून बरंच कमी. आणि तुमच्या आईला तोच आजार आहे असंही अजून कुणी म्हटलेलं नाही. उतारवयात, बहिरेपणातून, दुःखातून किंवा शरीराच्या बिघाडातून आलेला संशय नातीपर्यंत रक्तातून पोचतो असं मानायला कारण नाही. तिला खरं काय ते सांगा: आजीला आणि मामाला आजार झालाय, त्यावर उपचार आहेत, आपण ते मिळवायच्या खटपटीत आहोत. तिला जायचं असेल तर घेऊन जा. नात दारात आली तर आजी कदाचित सेफ्टी डोअर उघडेल. फक्त तिच्याकडून आत काय चाललंय याच्या बातम्या काढू नका, आणि आजीला पटवायचं काम तिच्यावर टाकू नका. तिने आजीशी बारावीच्या अभ्यासाचं बोलावं.